आमच्या व्हायकिंग तंबूला शेवटी दारं लागली

तंबूचं लाकूडकाम दादाचं आणि कापडकाम माझं अशी आमची वाटणी पहिल्यापासून ठरलेली. त्याने त्याचं काम कधीच संपवलं, फळ्या कोरून झाल्या, आढं बसवलं, छताचं कापडही मी शिवून दिलं, आणि मग दोन्ही टोकं उघडीच राहिली. रात्री एक घोंगडी अडकवायची आणि सकाळी काढायची असं करत आम्ही बरेच कॅम्प काढले. रीएनॅक्टमेंट म्हणजे जुन्या काळातली माणसं (आमच्या बाबतीत व्हायकिंग, हजारेक वर्षांपूर्वीचे उत्तर युरोपातले दर्यावर्दी लोक) कशी राहायची ते कपडे, भांडी, हत्यारं, तंबू सगळं तसंच बनवून काही दिवस जगून बघायचं, त्यामुळे थंडी वाजली तर तक्रार करायची नाही असं दादाचं मत, पण वारा समोरून आला की घोंगडीचं काय होतं ते बघून त्यानेच शेवटी म्हटलं, "अगं तेवढी दारं शिवून टाक ना."

तेवढी. छत शिवणं सोपं असतं हो, ते म्हणजे एक मोठा आयत, आढ्यावरून टाकायचा, दोन्ही बाजूंनी खाली ओढून बांधायचा, दोन बोटं इकडेतिकडे झाली तर दोरी ताणून भागतं. दार तसं नाही. ते तिरक्या काठाला शिवलेलं असतं, मधे उघडं असतं, रोज ओढलं जातं, आणि बंद केल्यावर वारा नेमका तिथेच शिरायला बघतो. अख्ख्या तंबूत हलणारं कापड फक्त दाराचं.

आधी तंबू कसा आहे ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. नॉर्वेत ओसेबर्ग नावाच्या ठिकाणी १९०४-०५ मध्ये एक जहाज खणून काढलं, ते इसवी सन ८३४ मध्ये दोन बायकांसोबत पुरलेलं होतं, आणि त्याच्या आधी १८८० मध्ये गोकस्टाड इथे दुसरं एक जहाज मिळालं होतं. दोन्ही ठिकाणी जहाजासोबत तंबूच्या लाकडी चौकटीचे भाग मिळाले. दोन टोकांना दोन दोन लांब फळ्या, वर एकमेकींना फुली मारून गेलेल्या, फळ्यांच्या टोकांना जनावरांची डोकी कोरलेली, मधून आढ्याचा वासा आणि खाली आडव्या पट्ट्या. बहुतेक हौशी लोक हाच ढाचा पकडून आपापला तंबू बनवतात, आमचाही तोच. पण मिळालं ते लाकूड. त्यावरचा अख्खा तंबू काही मिळालेला नाही, त्यामुळे दार कसं होतं, मधे उघडायचं की एका बाजूला, गाठी होत्या की लाकडी खुंट्या, की दार नव्हतंच, हे ज्याचं त्याने ठरवायचं. म्हणजे एका अर्थी मोकळीक आहे, दुसऱ्या अर्थी कुणाची नक्कल करायची सोय नाही. मी स्वतःपुरता नियम असा केला की त्या काळच्या हातांना, सुईला आणि कापडाला जे जमलं असतं तेच करायचं, चेन नको, वेल्क्रो नको, पत्र्याची आयलेट नको. (दादाचं पहिलं सजेशन चेनचंच होतं. वर कोरलेली डोकी आणि खाली प्लास्टिकची चेन.)

माप घ्यायचं ते चौकट उभी करून, छत टाकून, तणावे (तंबू ताणून धरणाऱ्या दोऱ्या) नेहमीसारखे ओढून. हे मी मुद्दाम लिहितेय कारण कागदावर हिशोब इतका छान बसतो की मोह होतो. आमच्या खालच्या आडव्या फळीला मी उंबरठा म्हणते, ती उभ्या कडेवर ठेवलेली असते आणि पंधरा सेंटिमीटर उंच आहे. तिच्या वरच्या कडेपासून आढ्यापर्यंत उंची २१० सेंटिमीटर आणि तिथली रुंदी २४०, म्हणजे मधे उभी रेघ मारली तर अर्ध्या दाराचा पाया १२०, उंची २१०, आणि तिरकी बाजू पायथागोरसने २४२ च्या जवळ. प्रत्यक्ष टेप लावली तर डावीकडे २४३ आणि उजवीकडे २४०, कारण जमीन सपाट नाही, चौकट थोडी कलते आणि छताचा काठ ओढला गेला की हलका आत वळतो. शेवटी मी सगळीकडे मोठं माप धरलं आणि जास्तीचं कापड मधल्या उघड्या काठाकडे ढकललं, तिथे एकावर एक येणारी पट्टी असतेच त्यामुळे दोन सेंटिमीटर खपून जातात. तिरक्या बाजूला मात्र काही खपत नाही, तिथे कमी पडलं की छत ओढलं जातं आणि जास्त झालं की चुण्या.

कापड सुती कॅनव्हास, साधारण ३५० जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम), घरच्या मशीनला झेपेल असं. लिनन परवडलं असतं तर लिननच घेतलं असतं. सुती कॅनव्हासचा गुण असा की भिजलं की धागा फुगतो आणि विणीतली भोकं बंद होतात, त्यामुळे प्लास्टिकचा थर नसतानाही ते बऱ्यापैकी पाणी अडवतं आणि कोरडं असताना हवा खेळू देतं. अवगुण असा की कोरं कापड पहिल्या पाण्यात आटतं. आमचं छत बरेच पावसाळी कॅम्प खाऊन आटून बसलेलं, आणि त्याला नवं न आटलेलं दार शिवलं असतं तर पहिल्या पावसात दार आटलं असतं, छत नसतं आटलं, आणि सगळी शिवण गोळा झाली असती. म्हणून एका तुकड्यावर ५० सेंटिमीटरचा चौकोन पेनने आखला, गरम पाण्यात बुडवला, वाळवला, परत मोजला. उभ्या धाग्यात आडव्यापेक्षा जास्त गेलं होतं. पाच टक्के म्हटलं तरी २१० ला साडेदहा सेंटिमीटर होतात, म्हणजे उंबरठा आणि दार यांच्यामधून मांजर जाईल. मग अख्खं कापडच टबात भिजवून काढलं. खळ निघाली, पाणी दुधट झालं, कापड जड झालं, पिळायला दोघं लागलो, आणि वाळल्यावर त्याला ज्या सुरकुत्या पडल्या त्या इस्त्रीने आजवर गेलेल्या नाहीत. पण ते बरंच, नवंकोरं कापड तंबूवर उगाच चमकतं.

आता कापणी. इथे मला सगळ्यात जास्त विचार करावा लागला आणि खरं सांगायचं तर मजाही इथेच आली. अर्धं दार म्हणजे काटकोन त्रिकोण. त्याच्या कुठल्या बाजूला कापडाचा उभा धागा ठेवायचा? दोन्ही बाजूंना ठेवता येत नाही, मधली बाजू आणि तिरकी बाजू यांच्यात साधारण तीस अंशांचा कोन आहे, म्हणजे एक सरळ धाग्यावर आली की दुसरी उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी कापलेली, होणार. उरेब काठ म्हणजे लाडावलेलं मूल, जरा ओढलं की लांब होतं आणि परत जागेवर येत नाही. मधली बाजू उरेब ठेवली तर दार रोज उघडून बंद करून तो काठ लोंबायला लागणार, खाली जमिनीला टेकणार आणि बंद केलं तरी लाटा दिसणार. तिरकी बाजू उरेब ठेवली तर ती निदान छताला शिवलेली असते, आणि छताचा काठ सरळ धाग्याचा आहे, तोच तिला धरून ठेवेल. मी हे दुसरं निवडलं. काही जण उलटं करतात, त्यांचं म्हणणं असं की ताण छताकडून येतो तर मजबूत धागा तिकडेच हवा. मला ते पटत नाही, ताण छत घेतंच आहे, दाराने परत घ्यायची गरज नाही.

दुसरी गोष्ट काटकसरीची. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, १५० सेंटिमीटर. एक लांब आयत घेऊन कर्णावर कापला की दोन त्रिकोण मिळतात, एका दाराच्या दोन पाकळ्या तयार. १२० चा पाया, त्यात सगळ्या बाजूंनी शिवणीची तीन तीन सेंटिमीटर, तिरक्या काठाला ती आडवी मोजली की साडेतीनच्या आसपास भरतात, सगळं धरून १३३ रुंदी जाते आणि काठाकडे १७ ची एक लांब पट्टी उरते. मधे एकावर एक यायला जी जास्तीची पट्टी लागते ती हीच, आणि तिची बाहेरची कड म्हणजे कापडाचा विणलेला मूळ काठ, जो उसवत नाही, दुमडायलाही लागत नाही. हे जुळल्यावर मला इतका आनंद झाला की दादाला फोन करून सांगितलं, आणि तो "हं" म्हणाला.

एक मात्र आहे, कर्णावर कापलेले दोन त्रिकोण एकाच हाताचे निघतात, डावं-उजवं होत नाहीत. त्यातला एक उलटा करून घ्यावा लागतो. साध्या विणीच्या कॅनव्हासला सुलटं-उलटं नसतं म्हणून चालून जातं, पण एका बाजूने रंगवलेलं किंवा मेण लावलेलं कापड असेल तर ही युक्ती विसरा आणि जास्त कापड आणा.

कापल्यावर लगेच शिवायला घेतलं नाही. चारही पाकळ्या (दोन्ही टोकांना दारं करायची ठरलं होतं, उकाड्यात आरपार हवा लागते) वरच्या टोकाने दोरीला टांगल्या आणि खाली कपडे वाळत घालायचे चिमटे भरपूर लावून वजन दिलं. उरेब काठ रात्रभरात जितका उतरायचा तितका उतरू दे, मग सारखा करून घ्यायचा. उतरला, फार नाही, पण शिवल्यावर उतरला असता तर दिसला असता.

तिरकी शिवण चपटी घातली, जीन्सच्या पायाला आतून असते ती, दोन्ही काठ एकमेकांत दुमडलेले आणि वर दोन टिपा. अशा प्रकारच्या दुमडून दाबलेल्या शिवणी त्या काळच्या कपड्यांच्या सापडलेल्या तुकड्यांवरही दिसतात, त्यामुळे मनाला टोचणी नाही. दुमड कुठल्या बाजूला पाडायची हे महत्त्वाचं, छताचं कापड वर आणि दाराचं त्याच्या खाली गेलं पाहिजे, म्हणजे पाणी शिवणीवरून ओघळून पुढे जातं, खाचेत साठत नाही. मशीनवर घालताना उरेब थर खाली ठेवला, दात्यांच्या बाजूला. मशीनचे दाते खालचं कापड किंचित जास्त ओढून आत घेतात आणि वरचं मागे राहतं, त्यामुळे ताणणारा थर खाली असला तर तो गोळा होत आत जातो, वर असला तर पसरत जातो आणि शेवटी चार बोटं लांब निघतो. त्याआधी दोन्ही काठांवर दर वीस सेंटिमीटरवर पेन्सिलने खुणा करून खूण-खूण जुळवून कच्चा धावदोरा घातला. टाचण्या एवढ्या जाड कापडात वाकतात, आणि वाकली नाही तर पोटाला लागते.

मशीनबद्दल लोक फार घाबरवतात. साधी घरगुती मशीन, १८ नंबरची सुई, टाका चार मिलिमीटर, आणि सावकाश, एवढ्यावर कॅनव्हासचे चार थर आरामात गेले. खरा त्रास कापडाच्या आकाराचा. छत मोठं, जड, आणि त्याला दार जोडताना ते सगळं टेबलावरून खाली लोंबत असतं, त्याचं वजन सुईला तिरकं ओढतं आणि सुई तुटते. मग टेबल भिंतीला लावलं, मागे पलंग, बाजूला इस्त्रीचा टेबल, आणि छत सगळं त्यावर गुंडाळून ठेवून शिवत गेले तसं उलगडत गेले. दादा पलीकडे बसून कापड पुढे सरकवायला होता. तो काम चांगलं करतो पण "अजून किती" हे फार विचारतो.

जिथे थर आठ-आठ होतात, म्हणजे वरच्या टोकाला, तिथे मशीनने हात टेकले आणि मीही तिला जबरदस्ती केली नाही. त्या टोकावर सगळ्यात जास्त ताण येतो, दोन पाकळ्या, छत, आढ्याचा वासा सगळं तिथेच भेटतं. तिथे आतून आणि बाहेरून कॅनव्हासचं एक एक ठिगळ लावलं, कडा दुमडून, आणि ते हाताने शिवलं, दाभण, जाड लिननचा दोरा आणि मेणाचा गोळा घेऊन. दोरा मेणातून दोनदा ओढायचा, म्हणजे त्याचे केस बसतात आणि कॅनव्हासमधून जाताना घासून झिजत नाही. दाभण अर्ध्यावर अडकलं की पक्कडने ओढायचं, अंगठ्याला चामड्याचा तुकडा बांधायचा. व्हायकिंग काळातल्या बायकांच्या थडग्यांत सुया ठेवायच्या छोट्या नळ्या सापडतात, स्वीडनमधल्या बिर्काला तर बऱ्याच, आणि काचेचे घोटीव गोळेही सापडतात, कापड आणि शिवणी घोटून सपाट करायला वापरायचे तसले. माझ्याकडे तसा गोळा नाही पण जाड बुडाची काचेची बाटली आहे, आणि ठिगळाच्या दुमडी तिने घासून घेतल्या तर इतक्या चापून बसल्या की इस्त्री काढलीच नाही. हे मी आता घरच्या कपड्यांनाही करते.

हात आणि मशीन यांचा हिशोब मी असा ठेवला: लांब शिवणी आतून मशीनवर, पण बाहेरून जी टीप दिसते ती हाताने. आमच्यात दहा फुटांचा नियम म्हणतात, दहा फुटांवरून बघणाऱ्याला खटकलं नाही म्हणजे चाललं. मला तो दारांच्या बाबतीत थोडा कमी वाटतो, कारण दाराशी लोक येऊन उभे राहतात, हात लावतात, लहान मुलं तर आत डोकं घालतात, आणि नाकासमोर मशीनची एकसारखी बारीक टीप आली की सगळी हवाच जाते. पण पूर्ण तंबू हाताने शिवलाच पाहिजे असं म्हणणारेही मला झेपत नाहीत. ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी जरूर शिवावा.

पुढचा प्रश्न बंद कसं करायचं. नाड्या बांधणं सगळ्यात सोपं, पण भिजलेली गाठ रात्री अंधारात थंड बोटांनी सुटत नाही. दुसरा प्रकार म्हणजे एका बाजूला दोरीचे फास, दुसऱ्या बाजूला काजं, प्रत्येक फास काजातून बाहेर काढून पुढच्या फासात ओवायचा, शेवटचा तेवढा बांधायचा, उघडताना तो एक सोडला की सगळं सरसर सुटतं. दिसायला सुंदर आहे, पण तो प्रकार मला नंतरच्या काळातल्या फौजी तंबूंचा वाटतो, आणि आतून लावायला हात पुरत नाही. शेवटी लाकडी खुंट्या आणि फास. दादाने अंगठ्याएवढ्या जाड, सात सेंटिमीटर लांब खुंट्या कापल्या, मधे खाच केली, टोकं गोल केली. गोल करणं हौस नाही, टोकदार खुंटी कॅनव्हासला घासून भोक पाडते.

खुंट्या जिथे बसतात त्या पट्टीच्या मागे नवार शिवली, सुती, दोन बोटं रुंद. नुसत्या कापडाला खुंटी शिवली तर वाऱ्याच्या पहिल्या झटक्यात कापडाच्या तुकड्यासकट निघून येईल. नवारसुद्धा भिजवून आटवून घ्यायची हे लक्षात असू द्या, ती तर कापडापेक्षा जास्त आटते. फासाची लांबी ठरवताना दोरी ओली करून बघितली, कारण सुती आणि अंबाडीची दोरी भिजली की फुगते आणि लांबीला आखडते, त्याच कारणाने पावसात तणावे सैल करावे लागतात. कोरडा असताना नेमका बसणारा फास ओला झाला की खुंटीवर असा आवळतो की सकाळी चाकू शोधावा लागेल. म्हणून एक बोट सैल.

आणि दोन्ही बाजूंनी लावता आलं पाहिजे, हे आधीच ठरवलेलं बरं. बाहेरून बंद होणारं दार काय कामाचं, माणसं तर आत झोपणार. मी फास अशा ठिकाणी घेतले की वरच्या पट्टीखाली हात घालून आतून खुंटी चाचपता येते. सुरुवातीला खुंट्यांमधलं अंतर चाळीस सेंटिमीटर होतं, वरच्या अरुंद भागात ते पुरतं पण खाली कमरेच्या उंचीला वारा आला की मधे पोट उघडतं, म्हणून खालच्या अर्ध्या भागात मधे मधे एक एक वाढवली. एकावर एक येणारी पट्टी पंधरा सेंटिमीटर आहे, याहून कमी करू नका, वीस असती तर मला जास्त आवडलं असतं पण पन्ह्यात तेवढीच होती.

काजं मला लागली ती मेखांच्या दोऱ्या ओवायला. ती कात्रीने कापली नाहीत. टोच्याने टोचून, फिरवून फिरवून भोक मोठं करायचं, म्हणजे धागे तुटत नाहीत, बाजूला सरकतात, आणि मग त्यावर दोरीची छोटी कडी ठेवून भोवती मेणाच्या दोऱ्याने गच्च टाके घालायचे. धागे शाबूत असल्यामुळे ते भोक कापलेल्यापेक्षा कितीतरी मजबूत होतं. वेळखाऊ आहे, गाणी लावून करायचं काम. एकदा हात बसला की कंटाळा येत नाही, उलट मी गरजेपेक्षा दोन जास्तच केली.

आता तो उंबरठा, ज्याने मला सगळ्यात जास्त छळलं. आमच्या चौकटीत कापड फळ्यांच्या आतल्या बाजूला येतं, म्हणजे दार सरळ खाली सोडलं तर ते उंबरठ्याच्याही आत पडतं, आणि पावसाचं पाणी दारावरून ओघळून थेट आपल्या अंथरुणाजवळ. म्हणून दार उंबरठ्याच्या वरच्या कडेलाच संपवलं आणि तिथून खाली तीस सेंटिमीटरची वेगळी पट्टी जोडली, जी उंबरठ्यावरून बाहेर पडते आणि फळीच्या बाहेरच्या अंगाला ठोकलेल्या छोट्या लाकडी खुंट्यांवर अडकते. पाणी बाहेर. कोपऱ्यात मात्र तिरक्या फळीचा पाय आडवा येतो, तिथे पट्टी बाहेर जाऊच शकत नाही, त्यामुळे दोन्ही टोकांना फळीच्या रुंदीएवढी खाच घेतली आणि तेवढी जीभ आत खोचायची ठेवली. पहिल्यांदा बघणारा विचारतो हे असं कुरतडल्यासारखं का आहे. पाऊस आला की कळतं. पट्टी वेगळी जोडायचं दुसरं कारण म्हणजे तंबूत सगळ्यात आधी कुजतो तो खालचा भाग, गवताची ओल, चिखल, बूट सगळं तिथेच, आणि ती खराब झाली की उसवून नवी लावली, दाराला हात लावायला नको.

वर टोकाशी मी मुद्दाम एक छोटा त्रिकोण उघडा ठेवला, हात जाईल एवढा, आणि त्यावर आतून एक झाकण. दोन माणसं रात्रभर श्वास घेतात त्याची वाफ कुठेतरी जायला हवी, नाहीतर पहाटे छताला आतून दव धरतं. पावसात झाकण खाली सोडायचं. दादाला तिथून दिव्याचा उजेड बाहेर दिसतो ते फार आवडलं. दिव्याबद्दल मात्र मी कडक आहे, दाराची मोकळी पाकळी वाऱ्याने किती लांब उडते ते आधी उजेडी बघा आणि तेवढ्या टापूत ज्योत ठेवू नका, कॅनव्हास पेटतो, तेल-मेण लावलेला तर जास्तच. आम्ही रात्री झोपताना कंदिलात बॅटरीवालाच दिवा ठेवतो, अस्सलपणा गेला तर गेला.

सगळं झाल्यावर कॅम्पला न्यायच्या आधी अंगणात उभा करून पाइपने पाणी मारलं. नवीन शिवणीतून सुरुवातीला थेंब येतात, सुईच्या भोकांतून, त्याने घाबरायचं नाही. सुती दोरा असेल तर तोही फुगतो आणि भोक भरतं, पॉलिएस्टर दोरा जास्त टिकाऊ पण फुगत नाही, म्हणून मी मशीनला सुती आवरण आणि आत पॉलिएस्टर असा दोरा घातला होता. दोनतीनदा भिजवून वाळवल्यावर गळणं जवळपास थांबलं, उरलं तिथे शिवणीवर मेण घासून ड्रायरची गरम हवा दिली.

पहिल्या खऱ्या वाऱ्यात कळलं ते असं की तंबूची दिशा आता महत्त्वाची झाली. आधी दोन्ही टोकं उघडी होती, वारा इकडून येऊन तिकडून जायचा. आता समोरून आलेला वारा दार आत फुगवतो, आणि वरची पट्टी ज्या बाजूला उघडते तिकडून तो तिरका आला तर पट्टीखाली बोट घातल्यासारखा शिरतो, उलट बाजूने आला तर पट्टी दाबून आणखी घट्ट बंद करतो. दोन्ही दारांच्या पट्ट्या मी अशा घेतल्यात की तंबूच्या एकाच लांब बाजूकडे तोंड करून उघडतात, त्यामुळे उभारताना फक्त ती बाजू वाऱ्याच्या आडोशाला ठेवायची एवढं लक्षात ठेवलं की झालं. दादाने त्या बाजूच्या फळीवर आतून एक खूण कोरून ठेवलीय.

दिवसा पाकळ्या उघड्या ठेवायच्या तर नुसत्या बाजूला ढकलून चालत नाही, गुंडाळून तिरक्या शिवणीला लावून बांधायच्या, त्यासाठी शिवणीत आतून-बाहेरून नाड्यांच्या जोड्या घातल्यात. गुंडाळी आतल्या बाजूला करायची, बाहेर केली तर पावसाची सर आली की गुंडाळीत पाणी भरतं. आणि घरी नेताना दारं ओली असली तर खुंट्या काढून, पाकळ्या मोकळ्या करून, दोरीवर पूर्ण वाळवूनच घडी, दमट घडीत बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते सहजी जात नाहीत. छत पातळ आहे, लवकर वाळतं, पण दाराचं टोक, ठिगळं, नवार लावलेली पट्टी हे सगळं जाड, हात लावून बघितल्याशिवाय वाळलं म्हणू नका. दादाला आता तंबूच्या आत मधे एक पडदा हवाय, म्हणजे सामान एका बाजूला आणि झोपायचं दुसऱ्या बाजूला. मी म्हटलं आधी मागच्या दाराच्या राहिलेल्या खुंट्या काप, त्या अजून चार कमी आहेत.